गुडघा दुखतोय म्हणे

१ जुलै १९९०, रविवार. आयर्लंडचा फुटबॉल संघ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत इटलीकडून एका गोलने हरून डब्लिनला परतला होता. हरलेल्या संघाच्या स्वागताला त्या दिवशी अख्खे शहर रस्त्यावर उतरले होते. योगायोग असा, की त्याच दिवशी नेल्सन मंडेलाही डब्लिनमध्ये आले. सत्तावीस वर्षांच्या कैदेतून सुटून त्यांना पाच महिनेही झाले नव्हते. ते तुरुंगात असतानाच डब्लिनने त्यांना शहराचे मानद नागरिकत्व जाहीर केले होते, ते स्वीकारायला ते आले होते. सांगतात, की मंडेला लोकांसमोर आले तेव्हा गर्दीतून एका फुटबॉलपटूच्या नावाची आरोळी उठली, आणि पाहता पाहता लोकांनी मंडेलांना त्या खेळाडूचे वडीलच ठरवून टाकले! मंडेलांना त्यातले काय कळले असेल कोण जाणे.

त्या खेळाडूचे नाव पॉल मॅकग्रा. वाचकहो, सचिनला छळणारा तो ऑस्ट्रेलियन ग्लेन मॅकग्रा वेगळा. हा बचावपटू, फुटबॉलचा. आपल्याकडे १९९० ची ती स्पर्धा दूरदर्शनने दाखवली होती. मॅराडोना, कॅमेरूनचा रॉजर मिला, डोळे विस्फारून धावणारा स्किलाची हे सगळे तुम्हाला आठवत असतील. हिरव्या सदऱ्यातला आयर्लंडचा तो उंच, सावळा, शांत गडी आठवतो का बघा. बचावपटू सहसा आठवत नाही. गोल करणाऱ्याची कीर्ती होते, गोल होऊ न देणाऱ्याची होत नाही. मॅकग्राची झाली, आणि ती नुसत्या खेळामुळे झाली नाही. त्याच्या चाहत्यांच्या आठवणी वाचायला, ऐकायला बसले की ते त्याच्या खेळाइतकेच त्याच्या व्यसनाविषयी बोलतात, आणि दोन्ही गोष्टी एकाच मायेने बोलतात. हे मला फार दिवस विचार करायला लावत आले आहे.

त्याचा जन्म १९५९ च्या डिसेंबरात लंडनमध्ये झाला. आई आयरिश, वडील नायजेरियन. लग्न झालेले नव्हते. त्या काळच्या कर्मठ आयर्लंडमध्ये अविवाहित मुलीला मूल होणे हीच मोठी नामुष्की, त्यातून मूल काळे. म्हणून आई घरच्यांना न सांगता लंडनला जाऊन बाळंत झाली. वडील आधीच निघून गेले होते. अवघ्या काही आठवड्यांचे बाळ दुसऱ्यांकडे सोपवले गेले, आणि पुढे त्याचे बालपण डब्लिन परिसरातल्या अनाथाश्रमांत गेले. साठच्या दशकातल्या डब्लिनमध्ये काळा मुलगा म्हणजे रस्त्यात वळून वळून पाहण्याची गोष्ट. शाळेत, रस्त्यावर काय काय ऐकून घ्यावे लागले ते त्याने पुढे लिहिले आहे. अठराव्या वर्षाच्या सुमारास तो मनाने पार कोसळला. बोलणे-चालणे थांबले, रुग्णालयात राहावे लागले. त्यातून उठून पत्र्याच्या कामात उमेदवारी केली, कुठे पहारेकऱ्याची नोकरी केली, आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉल.

१९८१ मध्ये डब्लिनच्या इंचिकोर भागातल्या सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक क्लबने त्याला घेतले. एकाच मोसमात लोक त्याला 'इंचिकोरचा काळा मोती' म्हणू लागले. १९८२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने तीस हजार पौंडांच्या आसपास मोजून त्याला इंग्लंडला नेले. १९८५ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्ध त्याचा साथीदार केव्हिन मोरन याला पंचांनी बाहेर काढले. त्या चषकाच्या अंतिम सामन्यात असे कधीच घडले नव्हते. उरलेल्या दहा जणांत बचावाचा भार मॅकग्राने वाहिला, जादा वेळेत नॉर्मन व्हाइटसाइडने गोल केला आणि युनायटेडने चषक जिंकला.

इथवरची गोष्ट सिनेमासारखी आहे. अनाथ मुलगा, मोठा क्लब, चषक. पण या मुलाला एक गोष्ट कुणी शिकवली नव्हती: चार माणसांत मोकळेपणाने वावरणे. अनोळखी माणसांसमोर त्याचा घसा कोरडा पडे. दारू प्यायली की भीती जाते, हा शोध त्याला लवकर लागला. आणि त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये हा शोध लागायला वेळही लागत नसे. सामना संपला की पब, सराव संपला की पब. सगळेच पीत होते, त्यामुळे कोण मजेसाठी पितोय आणि कोण बुडतोय हे वरून दिसत नव्हते.

१९८६ च्या नोव्हेंबरात ॲलेक्स फर्ग्युसन मँचेस्टरला व्यवस्थापक म्हणून आले. हे गृहस्थ तरुणपणी ग्लासगोत स्वतः पब चालवून आलेले. दारू माणसाचे काय करते ते त्यांनी गल्ल्यामागून पाहिले होते. त्यांनी मॅकग्राला समजावले, दटावले, दंड केले. शेवटी क्लबने निवृत्तीचा प्रस्ताव ठेवला: एक लाख पौंड घ्या आणि खेळ सोडा. गुडघे गेलेच होते. वय फक्त एकोणतीस. मॅकग्राने नकार दिला. १९८९ च्या ऑगस्टमध्ये युनायटेडने त्याला चार लाख पौंडांना बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला क्लबला विकले. व्हाइटसाइडलाही त्याच उन्हाळ्यात एव्हर्टनला विकले.

व्हिलाने विकत घेतले ते काय? दोन निकामी गुडघे आणि एक व्यसन. पण पुढची सात वर्षे व्हिलाच्या प्रेक्षकांनी जे पाहिले त्यावरून ते त्याला सरळ 'गॉड' म्हणू लागले. देव! आपल्याकडे हा शब्द स्वस्त झाला आहे हे खरे, पण इंग्रज माणूस तो फुटबॉलच्या मैदानावर सहसा बचावपटूसाठी वापरत नाही.

तो नेमके काय करायचा? ज्यांनी कबड्डी पाहिली आहे त्यांना सांगणे सोपे आहे. कोपरा सांभाळणारा चांगला गडी चढाई करणाऱ्याच्या मागे धावत नाही. त्याची नजर आणि कमरेचा झोल बघतो, आणि तो जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभा असतो. मॅकग्रा असा होता. कारकिर्दीत गुडघ्यांवर आठ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. धावायची शर्यत लागली तर तो हरणार, हे त्याला आणि समोरच्यालाही ठाऊक असे. म्हणून तो शर्यत लागूच द्यायचा नाही. पास सुटायच्या आधी दोन पावले बाजूला सरकायचा. चेंडू जणू आपण होऊन त्याच्या पायाशी यायचा. जमिनीवर घसरून चेंडू काढायची वेळ त्याच्यावर कमी येई. घसरावे लागले म्हणजे आधी कुठेतरी चुकलो, असा तो खेळ. चाहत्यांच्या आठवणीत हेच पुन्हा पुन्हा येते, की तो घाईत कधी दिसायचाच नाही.

आणि हे सगळे जवळजवळ सरावाविना! इतर खेळाडू मैदानात घाम गाळत असताना हा फार तर व्यायामाच्या सायकलवर बसे, गुडघे चोळून घेई, आणि शनिवारी येऊन सामना खेळे. ही व्यवस्था लावून दिली व्हिलाचे फिजिओ जिम वॉकर यांनी. वॉकर यांचे काम गुडघ्यांपुरते नव्हते. मॅकग्रा नाहीसा झाला की त्याला शोधायला जायचे, घरी आणायचे, बोलत राहायचे, हेही तेच करत. व्हिलात आल्यावर पहिल्याच काही महिन्यांत मॅकग्राने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. पुढे त्याने स्वतःच हे जगाला सांगितले. त्या वेळी बाहेर काही कळले नाही. तेव्हाचे व्यवस्थापक ग्रॅहम टेलर आणि वॉकर यांनी त्याला जवळ केले, पुन्हा उभे केले. त्याच मोसमाच्या शेवटी व्हिला लीगमध्ये लिव्हरपूलच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर होता.

१९९२-९३ हा प्रीमियर लीगचा पहिला मोसम. व्हिला पुन्हा दुसरा, यावेळी मँचेस्टर युनायटेडच्या मागे. त्या वर्षी इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी आपल्यातला सर्वोत्तम म्हणून तेहतीस वर्षांच्या मॅकग्राची निवड केली. हा मान प्रेक्षकांच्या किंवा पत्रकारांच्या मतांवर मिळत नाही. ज्यांना त्याने वर्षभर गोल करू दिले नाहीत त्यांचीच ही मते असतात. १९९४ च्या मार्चमध्ये लीग चषकाच्या अंतिम सामन्यात व्हिलाने युनायटेडला ३-१ असे हरवले. ज्या क्लबने एक लाख देऊन घरी बसवायला पाहिले होते तोच समोर होता. १९९६ मध्ये लीड्सला ३-० असे हरवून तो चषक पुन्हा आला.

आता आयर्लंडकडे वळू. आयर्लंडच्या संघाचे व्यवस्थापक होते जॅक चार्ल्टन. स्वतः इंग्रज, १९६६ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंड संघातले. त्यांच्या संघात आजी किंवा आजोबा आयरिश म्हणून हिरवा सदरा घातलेले, बोलणे अस्सल इंग्लंडचे असे बरेच होते. या मंडळींना 'आमचे' म्हणावे की नाही यावर आयर्लंडमध्ये चहाच्या टेबलावर वाद व्हायचे. मॅकग्राची गोष्ट बरोबर उलटी. जन्म लंडनचा, रंग काळा, पण तोंड उघडले की शुद्ध डब्लिन! ज्या देशाने त्याला लपवून जन्माला घालायला लावले त्याच देशाने पुढे त्याला डोक्यावर घेतले. आपल्या भागात घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्याला 'तू नेमका कुणाचा?' हा प्रश्न नवा नाही. आयर्लंडने तो प्रश्न मॅकग्राच्या बाबतीत एका वाक्यात सोडवला: 'नम्म हुडुग', आपलाच पोरगा. अर्थात जिंकून देणाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न नेहमीच लवकर सुटतो, हेही खरे.

तर या आपल्या पोराच्या दारूविषयी संघात सगळ्यांना माहीत होते. तो खेळायच्या अवस्थेत नसला की बाहेर सांगितले जाई, गुडघा दुखतोय. हे खोटे म्हणता येत नव्हते, कारण गुडघा खरोखरच दुखत असे. १७ ऑक्टोबर १९९० ला डब्लिनच्या लॅन्सडाउन रोड मैदानावर तुर्कस्तानविरुद्ध सामना होता. संघाची बस मैदानाशी आली, सगळे उतरले, मॅकग्रा उतरू शकला नाही. प्यायलेला होता, आणि गर्दीला सामोरे जायचे बळ उरले नव्हते. कारण गुडघा. १९९३ च्या मे महिन्यात अल्बानियाला निघालेल्या संघाबरोबर तो गेलाच नाही. ज्या वसंतात खेळाडूंनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम ठरवले होते, त्याच वसंतातली ही गोष्ट.

चार्ल्टन यांचा त्याच्यावर जीव होता यात शंका नाही. ते रागावायचे, पण टाकून दिले नाही. अनाथाश्रमात वाढलेल्या मुलाला यापेक्षा मोठे काय हवे होते?

पण आपली भाषा इथे अडचण करते. मराठीत 'सांभाळणे' आणि 'सांभाळून घेणे' यांत एका शब्दाचे अंतर आहे. पहिल्यात माया आहे. दुसऱ्यात माया आहेच, शिवाय झाकणेही आहे. कन्नडातही आपण 'संभाळिसु' म्हणतो, आणि तिथेही ते निभावून नेणेच असते. आपल्या ओळखीच्या चार घरांत डोकावून पाहा. हातात जादू असलेला कुणीतरी असतो. तबला वाजवणारा, लाकडावर नक्षी काढणारा, गणित शिकवणारा. 'माणूस सोन्यासारखा, पण...' असे त्याच्याविषयी बोलतात आणि 'पण' पाशी थांबतात. कुणी भेटायला आले तर वहिनी दारातच सांगतात, 'ह्यांना पित्त झालंय, पडलेत जरा.' शेजारच्या घरात तेच वाक्य कन्नडात येते, 'मैय्याग हुशार इल्ल.' पित्त म्हणजे आपल्याकडचा गुडघा. वहिनी खोटे बोलतात असे म्हणायची माझी हिंमत नाही. घराची अब्रू, मुलीचे लग्न, नोकरी, सगळे त्या एका वाक्यावर तोललेले असते. मात्र ते वाक्य ज्याच्यासाठी बोलले जाते त्याला आत पडल्या पडल्या ऐकू येत असते, की आपली सोय झाली.

मॅकग्राच्या चाहत्यांत आजही या प्रश्नावर दोन तट आहेत. युनायटेडचे काही चाहते म्हणतात, फर्ग्युसन यांनी घाई केली, पुढची सात सोन्याची वर्षे दुसऱ्याला दिली. काही म्हणतात, तोंडावर स्पष्ट सांगणारा तोच एक माणूस होता, बाकीच्यांना तो शनिवारपुरता हवा होता. मला विचाराल तर मी वॉकर यांच्या बाजूला झुकेन. त्यांनी झाकले असेल, पण रात्री-अपरात्री शोधायलाही गेले. ज्यांनी फक्त गुडघ्याचे कारण पुढे केले आणि ज्यांनी गाडी काढून त्याला शोधले, या दोघांना एका तागडीत घालता येत नाही. फर्ग्युसन यांचे निदान बरोबर होते. पण निदान करून रोग्याला दुसऱ्या दवाखान्यात विकणे याला उपचार म्हणत नाहीत. तरीही, व्हिलाला सात वर्षे मिळाली, आयर्लंडला दोन विश्वचषक मिळाले, आणि त्याला स्वतःला काय मिळाले, हा हिशेब केला की मी माझ्या मताशी फार वेळ ठाम राहू शकत नाही. दारू सुटली नव्हती. खेळता येण्याइतकी आवरली जात होती, एवढेच.

चाहत्यांना एकच सामना निवडायला सांगितला तर बहुतेक जण १८ जून १९९४ चा निवडतात. अमेरिकेतला विश्वचषक, न्यू जर्सीचे जायंट्स स्टेडियम, समोर इटली. रॉबर्टो बॅजिओ तेव्हा जगातला सर्वांत धोकादायक आघाडीवीर. मॅकग्रा चौतीस वर्षांचा, गुडघे तसेच, शिवाय एका विषाणूमुळे डावा खांदा धरलेला, हात नीट वर जात नव्हता. अकराव्या मिनिटाला रे हॉटनने गोल केला आणि उरलेला वेळ आयर्लंडला तो गोल राखायचा होता. उन्हाने जीव काढला होता. एका चढाईत मॅकग्राने लागोपाठ चेंडू अडवला, पुन्हा अडवला, आणि शेवटचा फटका सरळ तोंडावर घेतला. पडला, उठला, जागेवर जाऊन उभा राहिला. सामना १-० असा आयर्लंडने जिंकला. बॅजिओ त्या दिवशी मैदानावर होता याची आठवण फक्त धावफलकाने ठेवली.

त्या संध्याकाळची आठवण आयर्लंडमध्ये निखळ आनंदाची नाही. उत्तर आयर्लंडमधल्या लॉकिनआयलंड या छोट्या गावात पबमध्ये हा सामना पाहत बसलेल्या लोकांवर बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला. सहा जण मेले. २०१२ च्या युरो स्पर्धेत आयर्लंड आणि इटली पुन्हा १८ जूनलाच समोरासमोर आले, तेव्हा आयरिश खेळाडूंनी दंडावर काळ्या फिती बांधल्या होत्या. सीमेजवळच्या माणसाला सामना नुसता सामना म्हणून पाहता येत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आयर्लंडकडून एकूण ८३ सामने. १९९६ मध्ये व्हिला सोडले, थोडे दिवस डर्बी, थोडे शेफिल्ड, आणि १९९८ मध्ये खेळ संपला. शनिवार संपला की मग आठवडा कशासाठी सांभाळायचा? संसार मोडले होतेच. व्यसनमुक्तीच्या उपचारांना जाणे आणि परत घसरणे, हे बरीच वर्षे चालले. २००६ मध्ये पत्रकार व्हिन्सेंट होगन यांच्या साहाय्याने त्याने आत्मचरित्र लिहिले, 'बॅक फ्रॉम द ब्रिंक'. त्यात त्याने स्वतःला सोडले नाही. अनाथाश्रम, भीती, प्यायलेल्या अवस्थेत खेळलेले सामने, जीव द्यायचे प्रयत्न, मुलांना झालेला त्रास, सगळे लिहिले. त्या वर्षी आयर्लंडमध्ये खेळावरच्या सर्वोत्तम पुस्तकाचा पुरस्कार त्याला मिळाला.

एवढे वाचल्यावर चाहते दुरावले असते तर नवल नव्हते. तसे झाले नाही. व्हिलाच्या मैदानावर त्याचे नाव अजून गातात. ज्यांनी त्याला प्रत्यक्ष पाहिले नाही अशी पोरेही गातात. यात मला एक गोष्ट खटकते आणि एक भावते. खटकते ती अशी, की काही जण त्याच्या दारूच्या गोष्टी गमतीने, मीठमसाला लावून सांगतात: बघा, पिऊनही असा खेळायचा, न पिता काय केले असते! याच लोकांच्या आधीच्या पिढीने पबमध्ये त्याच्यापुढे ग्लास सरकवले होते, प्रेमाने, अभिमानाने. देवाला नैवेद्य नको का? भावते ती गोष्ट अशी, की बाकीचे बरेच जण आता जुने सामने वेगळ्या तऱ्हेने आठवतात. संघाची यादी निघायची, त्यात मॅकग्राचे नाव नसायचे, आणि पुढे तोच एक शब्द. तेव्हा त्यांनी चुटपुट व्यक्त केली होती: कसला हा गुडघा, नेमका आजच! आता त्यांना त्या प्रत्येक शनिवारी तो कुठे असेल, कोणत्या खोलीत, कुणाबरोबर की एकटाच, असा प्रश्न पडतो.

तुर्कस्तानविरुद्धचा तो सामना आयर्लंडने ५-० असा जिंकला होता. जॉन ऑल्ड्रिजने तीन गोल केले. ज्यांनी तो मैदानात बसून पाहिला त्यांना ऑल्ड्रिजचे गोल आठवतात, स्टँडमधली गाणी आठवतात. पुस्तक वाचल्यापासून त्यांना बाहेर उभी असलेली संघाची बसही आठवते. ती तर त्यांनी त्या दिवशी पाहिलीही नव्हती.